कै. ताराबाई मोडक : अंगणातल्या शाळेची जन्मकथा

सुरत शहराच्या आग्नेयेस, उधना-जळगाव लोहमार्गालगत पसरलेल्या डिंडोली, नवागाम, लिंबायत या भागांत धुळे, नंदुरबार आणि जळगावकडून पोटासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. तेथे एखाद्या गल्लीतल्या लहानशा खोलीत सकाळी तीन ते सहा वर्षांची मुले जमतात. गाणी होतात, मोजणी होते, खाऊ मिळतो. त्या खोलीला खानदेशातून आलेली आई ‘अंगणवाडी’ म्हणते आणि तिची गुजराती शेजारीणही ‘आंगणवाडी’च म्हणते. दोन्ही भाषांत हा शब्द इतका मुरून गेला आहे की, तो कधी कोणी घडविला असेल अशी शंकाही कोणास येत नाही. पण तो घडविला गेला, आणि तोही येथून फारसा दूर नाही. मुंबईकडे निघालेल्या गाडीने उंबरगाव ओलांडले की घोलवडचे स्थानक लागते. तेथून जवळच समुद्रकाठी बोर्डी हे गाव आहे. १९४५ साली त्या गावात जो प्रयोग सुरू झाला, त्यातून हा शब्द जन्मास आला. प्रयोग करणाऱ्या बाई मुंबईच्या, शिक्षणपद्धती मूळची इटलीतली आणि तिचे भारतीय रूप घडले ते गुजरातेत, भावनगरला. ताराबाई मोडक यांचे चरित्र म्हणूनच गुजरातेतील मराठी वाचकास विशेष जवळचे वाटावे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर, आई उमाबाई. घर प्रार्थनासमाजाच्या विचारांचे. मुलीने शिकावे की नाही हा प्रश्न त्या काळी पुष्कळ सुशिक्षित घरांतही वादाचा होता; केळकरांच्या घरी तो उद्भवला नाही. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या वर्षी पदवी घेणाऱ्या मराठी स्त्रिया बोटांवर मोजता याव्यात इतक्याच होत्या. पुढे अमरावतीचे वकील कृ. वा. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या वऱ्हाडात राहावयास गेल्या. त्यांना एक कन्या झाली. पण हा संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास पतिपत्नी विभक्त झाली. पदरात लहान मूल, हाती पदवी आणि पुढे कोणताच आखलेला मार्ग नाही, अशी ती स्थिती होती. घटस्फोट हा शब्ददेखील घरात दबल्या आवाजात उच्चारला जाण्याचे ते दिवस. अशा वेळी माहेरी परतून वडीलधाऱ्यांच्या आधाराने राहणे लोकांना समजण्यासारखे होते. ताराबाईंनी मात्र काठेवाडची वाट धरली.

राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली. मानाची जागा, चांगला पगार आणि स्थिर जीवन, असे सारे काही होते. गुजराती भाषा त्यांनी तेथे आपलीशी केली. पण शिक्षिका घडविण्याचे काम हाती घेतल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, ज्या बालकांसाठी या शिक्षिका घडवावयाच्या त्या बालकांविषयी आपल्याला फारसे काही ठाऊक नाही. स्वतःची मुलगीही वाढत होती आणि तिला कोणत्या शाळेत घालावे हा प्रश्न आईच्या नात्याने समोर उभा होता. त्या सुमारास भावनगरच्या एका टेकडीवर चाललेल्या एका बालमंदिराची कीर्ती त्यांच्या कानी आली.

नानाभाई भट्ट यांनी भावनगरात १९१० मध्ये स्थापिलेल्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० च्या ऑगस्टमध्ये हे बालमंदिर उघडले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची चिंता करता करता त्यांच्या हाती मारिया माँटेसोरी यांचे विचार आले आणि वकिली कायमची सुटली. मुले त्यांच्या अंगाखांद्यावर इतकी खेळत की, गुजरातने त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणजे मिशीवाली आई असे प्रेमाचे नाव दिले. ताराबाईंनी १९२३ मध्ये राजकोटची प्राचार्यपदाची जागा सोडली आणि त्या गिजुभाईंच्या सहकारी म्हणून भावनगरास दाखल झाल्या. अधिकाराचे स्थान सोडून एका खासगी संस्थेत चार-पाच वर्षांच्या मुलांजवळ जमिनीवर बसण्याचे काम पत्करणे हे व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपणाचे नव्हते. त्यांच्या पुढील पन्नास वर्षांचे सारे कार्य मात्र याच निर्णयातून निघालेले आहे.

माँटेसोरी पद्धतीचे मर्म येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. माँटेसोरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. मूल हे रिकामे भांडे नसून ते आपल्या इंद्रियांच्या द्वारे स्वतःच शिकत असते, हा त्यांचा सिद्धान्त. मोठ्यांनी काय करावयाचे? तर मुलाच्या वयाला साजेसे साधन त्याच्यापुढे ठेवावयाचे आणि बाजूला होऊन निरीक्षण करावयाचे. त्यासाठी त्यांनी साधने तयार केली. लहानमोठ्या ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा, खाचांत नेमके बसणारे लाकडी दट्टे, बोट फिरविता यावे म्हणून खरकागदातून कापलेली अक्षरे अशी ती साधने होत. साधनांत चूक झाली तर ती साधनच दाखवून देते. शिक्षकाने रागावण्याची गरज उरत नाही. छडीवाचून शाळा चालूच शकत नाही असे मानणाऱ्या समाजाला ही कल्पना स्वप्नवत वाटावी यात नवल नाही.

भावनगरच्या मंडळींनी ही पद्धती डोळे मिटून उचलली नाही. कल्पित कथांविषयी माँटेसोरीबाई स्वतः साशंक होत्या. लहान मुलास प्रथम वास्तवाची ओळख व्हावी असे त्यांचे मत होते. गिजुभाईंचे बालमंदिर तर गोष्टींवाचून एक दिवस चालत नसे. लोककथा, जोडगाणी, नाटुकली, रांगोळी, मातीकाम, बागकाम, गरबा या सगळ्यांना त्यांनी शाळेत स्थान दिले. ताराबाईंनी तेथे जवळजवळ नऊ वर्षे काढली. मुलांचे निरीक्षण, त्यांच्या वागण्याच्या नोंदी, त्या नोंदींवरून पद्धतीत फेरफार आणि पुन्हा निरीक्षण, ही संशोधनाची शिस्त त्यांच्या अंगी बाणली ती भावनगरात. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाची आणि बालमंदिरात बसलेल्या ताराबाईंची वृत्ती एकच होती, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. संघाचे मुखपत्र ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघत होते. १९३३ पासून त्याची मराठी आवृत्ती ताराबाईंच्या संपादनाखाली सुरू झाली. ही पत्रिका शिक्षकांइतकीच आईबापांसाठी होती. मूल हट्ट का करते, खोटे का बोलते, त्याला मारल्याने नेमके काय घडते, असे घरोघरचे प्रश्न तीत हाताळले जात. मराठी घरांतील मुलाच्या पाठीवरचा धपाटा अशाने थोडासा तरी कमी झाला असेल. याचे मोजमाप कोणी केलेले नाही आणि ते करताही येणार नाही.

मुंबईस परतल्यावर १९३६ मध्ये दादर येथे ‘शिशुविहार’ सुरू झाले. बालवर्ग आणि त्याला जोडून शिक्षिकांसाठी अध्यापनवर्ग अशी ती योजना होती. मध्यमवर्गीय वस्तीत या शाळेचे चांगले स्वागत झाले. २३ जून १९३९ रोजी गिजुभाईंचे निधन झाले आणि संघाचा बराचसा भार एकट्या ताराबाईंवर आला. त्याच वर्षी मारिया माँटेसोरी भारतात आल्या. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला व त्यांनी ठिकठिकाणी शिक्षकांचे वर्ग घेतले. मोठ्या शहरांत माँटेसोरी शाळांची लाट उसळली ती या काळात. पाहता पाहता ‘माँटेसोरी’ हा शब्द पैसेवाल्यांच्या शाळेचा पर्याय होऊन बसला. इटलीतल्या गरीब वस्तीत जन्मलेली पद्धती भारतात श्रीमंतांच्या बंगल्यांत मुक्कामाला गेली, हा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे.

ताराबाईंना हे खुपत होते. साधनांचा एक संच घेण्याइतका पैसा खेड्यातल्या कोणत्या शाळेजवळ असणार? गांधीजींच्या ग्रामसेवेच्या विचारांचा प्रभाव त्यांच्यावर पूर्वीपासून होता आणि खेड्यांतील लहानग्यांचा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिला नव्हता. पण त्यात केवळ दयाबुद्धी नव्हती. तो एक शास्त्रीय प्रश्नही होता. बालकाच्या विकासाचे जे नियम दादरच्या मुलांत दिसले ते खरोखर सर्व बालकांचे नियम आहेत काय? तसे असतील तर ते उपाशी, उघड्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या मुलांतही दिसले पाहिजेत. तसे ते दिसले नाहीत, तर वीस वर्षांचे सारे काम एका वर्गापुरते खरे ठरणार होते. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, शहरातील नावारूपास आलेली संस्था मागे ठेवून, त्यांनी हा प्रश्न पणास लावला.

१९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन झाले. या कामात त्यांना अनुताई वाघ यांची साथ मिळाली. पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या अनुताई तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या. त्याच वर्षी बोरिवलीस भरलेल्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाईंची आणि त्यांची गाठ पडली. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या, अनुताई पस्तिशीच्या. गुरुशिष्येचे हे नाते ताराबाईंच्या अखेरपर्यंत, अठ्ठावीस वर्षे टिकले.

बोर्डीत प्रथम गावाच्या मध्यवस्तीत बालवाडी उघडली. मुले आली, पण सगळी नव्हेत. हरिजनवस्तीतली मुले येईनात. आया कामावर गेलेल्या, मुलांना धुऊनपुसून पाठवावयास घरी कोणी नाही, शिवाय स्पृश्यास्पृश्यतेची अदृश्य भिंत. बोलावून, समजावून पाहिले तरी फरक पडेना. दुसऱ्या कोणी पालकांच्या अनास्थेस दोष देऊन विषय संपविला असता. ताराबाईंनी निष्कर्ष काढला तो वेगळा : मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे. वस्तीतल्याच एखाद्या घराचे अंगण झाडून, सारवून घ्यावयाचे आणि तेथेच बालवाडी भरवावयाची. मुलांचे हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे येथपासून शाळा सुरू होई. या अंगणातल्या बालवाडीला नाव पडले अंगणवाडी. आई उंबऱ्यात उभी राहून काय चालले आहे ते पाही आणि अशा रीतीने आईचेही शिक्षण होऊन जाई. अंगणाचा हा लाभ चार भिंतींच्या शाळेला कधीच मिळाला नसता.

साधनांचा प्रश्नही अंगणातच सुटला. शिंपले, गारगोट्या, चिंचोके, पाने, फुले, बांबूची कांबटे, माती ही बोर्डीच्या परिसरात फुकट मिळणारी द्रव्ये. लहानमोठे, जडहलके, खरबरीत-गुळगुळीत हे भेद चिंचोके आणि शिंपल्यांवरही शिकता येतात. त्यासाठी परदेशी मापाचा लाकडी संच लागत नाही. माँटेसोरीच्या कट्टर अनुयायांना हे रुचणे कठीण होते, कारण साधनाच्या मापात केसभरही बदल होऊ नये असा त्यांचा आग्रह असे. ताराबाईंनी साधन सोडले आणि साधनामागचे तत्त्व ठेवले. त्यांच्या सर्व कार्यातील सर्वांत मोलाचा भाग कोणता असे विचारल्यास याच गोष्टीकडे बोट दाखवावे लागेल.

स्वातंत्र्याच्या आगेमागे त्यांनी मुंबई प्रांताच्या विधिमंडळातही काम केले. पण तो त्यांचा पिंड नव्हता.

बोर्डीहून पूर्वेकडे वळले की वारली लोकांचा मुलूख लागतो. १९४५ हेच वर्ष वारल्यांच्या उठावाचेही. वेठबिगार आणि जमीनदारांचा जुलूम यांविरुद्ध शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली तलासरी-उंबरगाव-डहाणू या टापूतील आदिवासी याच सुमारास उभे राहिले. परुळेकरांचा मार्ग आणि ताराबाईंचा मार्ग भिन्न होता. एकीकडे लाल बावटा, तर दुसरीकडे चिंचोके आणि शिंपले. परंतु ज्या माणसांना समाजाने माणसांत गणले नव्हते त्यांच्याच दाराशी, एकाच वर्षी, दोन मराठी स्त्रिया वेगवेगळ्या वाटांनी येऊन पोहोचल्या, याची नोंद इतिहासाने जोडीने घ्यावयास हवी होती. तशी ती क्वचितच घेतली जाते.

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर हलले. बोर्डी परिसरात शिक्षणाचा पाया घालणाऱ्या आचार्य भिसे यांचे आदिवासींमधील काम तेथे आधीपासून होते. बोर्डीत यशस्वी झालेली पद्धती कोसबादला प्रथम चालेना. पांढऱ्या कपड्यातला माणूस म्हणजे सावकार, जंगलखात्याचा शिपाई किंवा ठेकेदार एवढीच वारल्यांची ओळख. बाई दिसल्या की मुले झाडीत पळून जात. शाळेची भाषा त्यांची नव्हती. मुलांच्या अंगावर खरूज, पोट रिकामे. उन्हाळ्यात तर कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीसाठी पाडा सोडून जात. शिक्षिका पाड्यांवर जाऊ लागल्या, औषधपाणी करू लागल्या, मुलांच्या बोलीतले शब्द शिकल्या, तेव्हा कोठे ओळख झाली.

यानंतरही मोठी मुले शाळेत येत नव्हती. कारणे शोधली तेव्हा असे आढळले की, आठ वर्षांची मुलगी येत नाही, कारण तिच्या कडेवर वर्षाचे भावंड आहे; ते टाकून ती येणार कशी? आणि दहा वर्षांचा मुलगा येत नाही, कारण तो गुरांमागे रानात आहे. पहिल्या अडचणीतून ‘विकासवाडी’ निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली. ताई भावंडाला पाळण्यात ठेवी, मधल्याला बालवाडीत सोडी आणि स्वतः वर्गात जाऊन बसे. दुसऱ्या अडचणीतून निघाली ‘कुरणशाळा’. गुरे चरावयास जातात तेथेच शिक्षक जाऊ लागला. झाडाखाली फळा टेकवावयाचा. कोणाची गाय दुसऱ्याच्या शेतात शिरली की विद्यार्थ्याने उठून तिला वळवावी आणि परत येऊन बेरीज पुरी करावी. हसू यावे असा हा प्रकार. पण मूल शाळेच्या वेळापत्रकात बसत नसेल तर वेळापत्रक बदलावे, हा त्यामागचा विचार आजही पुष्कळ शिक्षणाधिकाऱ्यांच्या पचनी पडलेला नाही.

डिंडोली-उधन्याच्या वस्त्यांत याची सत्यता आजही पटावी. आई घरी बसून साड्यांचे धागे कापते किंवा खडे लावते, बाप यंत्रमागावर पाळी करतो आणि धाकट्याला सांभाळावयाचे काम थोरलीवर येते. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत तिचे नाव असते, पण हजेरीत खंड पडतो. कोसबादची कडेवरची भावंडे आणि या गल्ल्यांतली भावंडे यांत अंतर आहे ते केवळ काळाचे.

सरकारने ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव दिले. आज देशभर अशी सुमारे १३ ते १४ लाख केंद्रे आहेत. नाव सर्वत्र पोहोचले. शब्दाबरोबर त्यातला आशय सर्वत्र गेला असे मात्र म्हणता येत नाही. योजनेत पोषक आहार, लसीकरण आणि वजनाच्या नोंदी यांना अग्रस्थान मिळाले. भुकेल्या देशात ते आवश्यकच होते. ताराबाईंनीही कोसबादला आधी पोट पाहिले होते आणि मग पाटी. परंतु बालकाच्या मनाचा विकास, जो त्यांच्या अंगणवाडीचा मूळ हेतू, तो अनेक ठिकाणी दुय्यम झाला. सेविकेच्या अंगावर नोंदवह्यांचे ओझे इतके की मुलाकडे पाहण्यास उसंत मिळू नये, अशी अवस्था कित्येक केंद्रांत आली. तीन ते सहा वयाचे शिक्षण हा शालेय शिक्षणाच्या रचनेचाच पहिला भाग आहे, हे राष्ट्रीय धोरणात स्पष्टपणे येण्यास २०२० साल उजाडावे लागले.

ताराबाईंच्या माघारी कोसबादचे काम अनुताईंनी चालविले. त्यांनी टेकडी सोडली नाही. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी, ताराबाईंच्या जन्मशताब्दीच्या वर्षातच, त्यांचेही देहावसान झाले. बोर्डी-कोसबादचा तो परिसर २०१४ पासून नव्याने झालेल्या पालघर जिल्ह्यात मोडतो. सुरतेहून सकाळच्या गाडीने निघालेल्या माणसास घोलवडला उतरून टेकडीवर जाऊन संध्याकाळी परत येता येते.